बाराशे वर्षांचं कीटण

माझी आत्या दातांची डॉक्टर. खाली शिंप्याचं दुकान आणि वर तिचा दोन खोल्यांचा दवाखाना. तिथं अडतीस वर्षं तिनं लोकांचे दात भरले, उपटले आणि सगळ्यात आवडीनं साफ केले. गेल्या वर्षी गुडघे कुरकुरायला लागले तशी तिनं पाटी उतरवली, खुर्ची एका नव्या डॉक्टरणीला देऊन टाकली आणि घरी बसली. बसली म्हणजे फक्त गुडघ्यांनी. डोळे काही निवृत्त व्हायला तयार नव्हते. भाजी घेताना ती भाजीपेक्षा भाजीवालीच्या हिरड्यांकडे जास्त बघायची. कुणी लग्नाचे फोटो दाखवले की म्हणायची, "मुलगी गोड आहे, पण तो वरचा सुळा दाखवून घ्यायला सांग." आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, रोज सकाळी चहाच्या आधीच खिडकीपाशी जाऊन आ करून उभे राहायचे. "एकदा दाखवलं की दिवसभराची सुटका," असं ते मला डोळा मारून सांगायचे.

त्याच सुमाराला माझ्या कामात एक अडचण उभी राहिली.

मी संग्रहालयाच्या मागच्या इमारतीत, हाडांच्या प्रयोगशाळेत काम करते. शहराच्या कडेला बस डेपो वाढवण्यासाठी खणलं तेव्हा तिथं एक जुनं दफनस्थान लागलं. बाराशे वर्षांपूर्वीचं. बासष्ट माणसं. त्यांत राजा नव्हता, राणी नव्हती, कुणाच्या अंगावर गुंजभर सोनं नव्हतं, त्यामुळे वर्तमानपत्रांनी दोन दिवसांत त्यांचा नाद सोडला. आम्हाला मात्र अशीच माणसं हवी होती. साधी माणसं काय खात होती, कशानं आजारी पडत होती, हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं. ते त्यांच्या दातांवर सापडतं. दातांवर रोज एक चिकट थर बसतो, थुंकीतल्या क्षारांनी त्याचा हळूहळू दगड होतो, आणि जेवणातले कण, चुलीची काजळी, तोंडातले जंतू असं जे जे येईल ते त्यात अडकून बसतं. आत्याच्या दवाखान्यात याला कीटण म्हणत आणि चूळ भरून बेसिनमध्ये थुंकून टाकत. आम्ही त्याच कीटणासाठी तोंडाला मास्क लावून, श्वास रोखून बसायचो.

अडचण अशी, की ते काढणं मला जमत नव्हतं. हे काम करणारा आमचा सहकारी दुसऱ्या गावी नोकरीला गेला आणि हत्यार माझ्या हाती आलं. जोर कमी दिला तर कीटण ढिम्म हलायचं नाही. जरा जास्त दिला तर खपली टुणकन उडून दिसेनाशी व्हायची. एकदा तर आम्ही तिघं जण दोन तास बॅटऱ्या घेऊन फरशीवर रांगत होतो. मसुराच्या डाळीच्या पाव तुकड्याएवढी ती खपली शेवटी आमच्या मॅडमच्या बाहीच्या घडीत सापडली. मॅडम काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या न बोलण्याचा आवाज मला घरी जाईपर्यंत ऐकू येत होता.

मी सरळ आत्याकडे गेले.

"आत्या, मला कीटण काढायला शिकव."

"कुणाचं काढायचंय?"

"बासष्ट जणांचं."

"अगं बाई! आणि कधीपासून दुखतंय त्यांना?"

"बाराशे वर्षांपासून."

आत्यानं चष्मा कपाळावर चढवला. "मग इतके दिवस वाट कसली बघत होतात?"

मी सगळं समजावून सांगितलं. शिकवायचं वगैरे तिनं कानाआडच केलं. "तुझा हात लहानपणापासून जड आहे. साधं चित्र रंगवायचीस तर कागद फाटायचा. मीच येते." आतोबांनी पेपरच्या आडून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत इतकी कृतज्ञता होती की मला हसू आवरेना.

सोमवारी आत्या प्रयोगशाळेत आली. दारावर एकोणीस नियमांचा कागद चिकटवलेला होता. बाहेरचे बूट बाहेर, केस टोपीत, आत खाणंपिणं बंद, अत्तर बंद, पावडर बंद, असं बरंच काही. तो कागद मॅडमनी लिहिला होता. मॅडम म्हणजे आमच्या प्रमुख. उंच, सडपातळ, आणि प्रत्येक वाक्य आधी टाइप करून, तपासून मग बोलल्यासारखं बोलणाऱ्या. दुसरा पिठ्या. हा पंचेचाळिशीचा, टक्कल पडलेला गृहस्थ धान्याच्या पिठातले कण ओळखण्यात इतका तरबेज होता, की चिमूटभर पीठ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं तर ते गव्हाचं की जवाचं, भाजलेलं की उकडलेलं, हे तो चुटकीसरशी सांगायचा. अख्खी इमारत त्याला पिठ्या म्हणायची आणि तोही फोनवर "पिठ्या बोलतोय" असंच म्हणायचा.

हातमोजे घालताना पहिली कुरबुर झाली. आमच्याकडे मध्यम आणि मोठं अशी दोनच मापं होती, आणि आत्याचे हात बाहुलीचे असावेत तसे छोटे. बोटांच्या पुढं मोज्यांची रिकामी टोकं लोंबायला लागली.

"हे घालून मी दात काय, भिंतसुद्धा खरवडू शकणार नाही," ती म्हणाली.

"लहान मापाचे मागवते," मी म्हणाले. आणि साफ विसरले.

तरीही पहिल्या दिवशी तिनं जे केलं ते बघण्यासारखं होतं. स्टूल पुढं ओढलं, दिवा वाकवला, हातात छोटा आरसा घेतला आणि समोरच्या कवटीला सवयीनं म्हणाली, "आ करा." मग स्वतःशीच, "हां, केलेलाच आहे." पाच मिनिटं ती नुसतीच बघत होती. "कीटण कुठं जास्त साचतं माहितेय? जिथं थुंकीचे नळ उघडतात तिथं. खालच्या पुढच्या दातांच्या आतून आणि वरच्या दाढांच्या बाहेरून. तुमच्या या मंडळींचे नळही तिथंच होते बघ." मग करंगळी जबड्यावर टेकवून हाताला आधार घेतला, हत्यार लावलं, आणि टक्. खपली अलगद खालच्या चांदीच्या कागदावर. संध्याकाळपर्यंत तिनं पाच जणांचं काम उरकलं. मला एकाला दोन दिवस लागत.

"रुग्ण फार सोशिक आहेत," तिनं घरी जाताना शेरा मारला. "चावत नाहीत, थुंकत नाहीत, आणि मध्येच फोन घेत नाहीत."

दवाखान्यातली उरलेली कार्डं ती सोबत घेऊन आली होती. वय, तक्रार, निदान असे छापील रकाने असलेली. प्रत्येकाचं एक कार्ड ती भरू लागली. मी एकदा हळूच वाचलं: "क्रमांक नऊ. पुरुष, तिशीचा. तक्रार: सांगू शकत नाहीत. निदान: वरची उजवी दाढ किडून मुळाशी पू. निदान वर्षभर नीट झोप नसणार. स्वभाव: चिडका."

नेमकं तेच कार्ड मॅडमच्या हाती लागलं.

"डॉक्टर, स्वभाव हा रकाना आमच्या नोंदींमध्ये नसतो."

"तुमच्या नोंदींत नसेल. ठणकणाऱ्या दाढेत असतो."

मॅडमनी कार्ड परत ठेवलं. आत्यानं ती कार्डं मग आपल्या खणात ठेवायला सुरुवात केली, पण भरणं काही थांबवलं नाही.

असे तीन आठवडे मजेत गेले. खपल्या विरघळवून त्यांतून निघालेला गाळ काचेवर घ्यायचा आणि पिठ्याकडे द्यायचा, हे माझं काम. पहिल्या तीन दिवसांच्या खपल्या अजून फोटो-वजनात अडकल्या होत्या; त्यानंतरच्या अकरा जणांच्या काचा त्याच्याकडे गेल्या. एका सकाळी तो आपल्या अंधाऱ्या खोलीतून बाहेर आला तो पांढराफटक पडून.

"मका," तो म्हणाला.

"काय मका?"

"तिच्या दातात. क्रमांक सोळा. मक्याचा कण आहे. मी तीनदा पाहिलं. तीच टोकदार कडा, तीच फुलीसारखी सावली."

बाराशे वर्षांपूर्वी मका महासागराच्या पलीकडेच पिकत होता. तो आमच्या बाजूला यायला या माणसांनंतर सातशे वर्षं लागली. हे पिठ्याला पाठ होतं, म्हणून तर तो पांढरा पडला होता. मग हळूहळू त्याच्या गालांवर रंग चढला. दहा मिनिटं तो जगातला सगळ्यात मोठा संशोधक होता. कुणाला पत्र लिहावं, कुठं भाषण करावं, फोटो काढायला कोणता शर्ट घालावा, इथपर्यंत त्याची मजल गेली. मग त्यानं पुढची काच लावली. तिच्यातही मका. तिच्या पुढच्या काचेतही. अकराच्या अकरांत मका.

मॅडम येऊन प्रत्येक काच बघून गेल्या. "एकात मका असता तर विचार केला असता," त्या म्हणाल्या. "अकरांत म्हणजे ही आपल्या खोलीतली घाण आहे. कुठून आली ते शोधा."

आमच्या तोंडचं पाणी पळालं. दोन दिवस आम्ही टेबलं, दिवे, खिडकीच्या फटी, अगदी दाराच्या मुठीसुद्धा ओल्या कापसानं पुसून तो कापूस तपासत होतो. आणि तिसऱ्या दिवशी पिठ्याच्या लिहायच्या टेबलाच्या खणात पॉपकॉर्नचा डबा निघाला. ते टेबल बाहेरच्या खोलीत होतं, डबा झाकण लावून ठेवलेला होता, तो खाल्ल्यावर साबणानं हात धुवायचा, हे सगळं त्यानं परोपरीनं सांगितलं. पण मका तो मकाच. खरं कारण सापडेपर्यंत पिठ्यानं आत पाऊल टाकायचं नाही, असं मॅडमनी लेखी दिलं.

पिठ्या डबा घेऊन मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसला आणि चिमण्यांना एकेक लाही टाकू लागला. वीस वर्षं त्यानं डोळ्यांत तेल घालून काम केलं होतं. आत्या आणि मी चहा घेऊन तिथं गेलो.

"तोंड का एवढंसं केलंयस रे?" आत्यानं विचारलं. दोन दिवस तिला बरं नव्हतं, ती आलीच नव्हती, त्यामुळे झालेला गोंधळ तिला ठाऊक नव्हता. पिठ्यानं सांगितला.

"पण हे मक्याचं पीठ आणखी कशाकशात असतं?"

"कशात नसतं ते विचारा, आत्या. औषधाच्या गोळ्यांत असतं. खोक्यांच्या डिंकात असतं. जुन्या हातमोज्यांच्या आत पावडर असायची ना, तीही मक्याचीच—"

आत्याचा कप ओठांपाशीच थांबला. तो तिनं पायरीवर ठेवला, उठली आणि कठड्याला धरून गुडघ्यांना जमेल तितक्या भराभर वर गेली. आम्ही पोचलो तेव्हा ती मॅडमच्या टेबलासमोर उभी होती आणि टेबलावर तिच्या दवाखान्यातला हातमोज्यांचा जुना खोका होता.

"हे माझे," ती म्हणाली. "लहान मापाचे. चौथ्या दिवसापासून मी हेच घालतेय. आतून पावडर असते यांना. हे सगळं माझ्यामुळे झालंय. त्या माणसाला आधी आत घ्या."

मॅडमनी खोका उघडला, एक मोजा चिमट्यानं उचलला, उजेडात धरला. पांढरी भुकटी भुरभुर खाली पडली.

"नियम क्रमांक चौदा," मॅडम म्हणाल्या. "पावडर बंद."

"मला वाटलं, तोंडाची पावडर."

 मला तर जमीन दुभंगली तर बरं असं झालं होतं. तिच्या हातांत रोज ते मोजे मी पाहिले होते. पांढरेच होते, आमच्यासारखेच. मी लहान मापाचे मागवले असतील आणि तेच ती घालत असेल, असं मी धरून चालले होते, आणि मागवले कुणी, हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

"बाकीच्या खपल्या अजून विरघळवलेल्या नाहीत, त्या बाहेरून धुऊन वाचवता येतील," मॅडम म्हणाल्या. "प्रश्न या अकरांचा आहे. त्यांच्या दातांवर अजून किती कीटण शिल्लक आहे?"

मी खोकी उघडून पाहिली. सात जणांकडे थोडंथोडं होतं. चौघांचे दात मात्र आरशासारखे लखलखीत. एवढासा कण पुरे, बाकी राहू दे, असं सांगून सांगून मी दातांच्या कण्या केल्या होत्या. मी आत्याकडे पाहिलं.

"अर्धवट साफ केलेला दात मला बघवत नाही गं," ती हळूच म्हणाली. मग टोपी काढली, झगा काढून खुंटीला लावला आणि घरी गेली.

पिठ्या त्याच दिवशी आत आला. मॅडमनी स्वतः जाऊन त्याची माफी मागितली, तीही लेखी. पण आत्या आली नाही. फोन उचलेना. चौथ्या दिवशी आतोबांचा फोन आला.

"अगं, काहीतरी कर. मी रोज सकाळी खिडकीपाशी आ करून उभा राहतो. ही बघतच नाही. काल मी मुद्दाम म्हटलं, दाढ दुखतेय. तर म्हणते, दुसऱ्या कुणाला दाखवा."

हे ऐकून मात्र मी घाबरले. दुपारी सुट्टी टाकून गेले. आत्या स्वयंपाकघरात, आधीच स्वच्छ असलेली बरणी घासत बसली होती.

"अडतीस वर्षांत मी टोपल्या भरभरून कीटण नळातून वाहवलं असेल," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "त्याची काही किंमत असते हे ठाऊकच नव्हतं. आणि आता कुठं कळलं, तर चिमूटभर सांभाळता आलं नाही. चार माणसं पुसून टाकली मी."

"पुसली नाहीस. त्यांच्यात दूध होतं का, जंतू कोणते होते, हे अजून कळू शकतं. फक्त धान्याचं कळणार नाही."

"फक्त," ती म्हणाली.

"आणि मोजे मागवायचे मी विसरले होते. ते सांगायला चार दिवस लागले मला. मॅडमना आज सकाळी सांगितलं."

आता तिनं बरणी खाली ठेवली. "ओरडल्या?"

"नाही. तेच तर वाईट."

आत्याला हसू फुटलं, पण ते तिनं पदरानं तोंड पुसायच्या निमित्तानं लपवलं. मी पिशवीतून दोन गोष्टी काढल्या. एक, लहान मापाच्या, बिनपावडरीच्या हातमोज्यांचा नवा खोका. दुसरी, मॅडमची चिठ्ठी. ती तिनं चष्मा लावून मोठ्यानं वाचली: "डॉक्टर, उरलेल्या सात जणांचं कीटण फार थोडं आहे. ते दुसऱ्या कुणाच्या हाताला मी लावू देणार नाही. सोमवारी नऊ वाजता यावे. येण्यापूर्वी सोबतचे एकोणीस नियम वाचावेत."

नियमांचा कागद खरोखरच मागं टाचलेला होता. चौदाव्या नियमात शाईनं भर घातली होती: "हातमोज्यांतीलसुद्धा."

"एका अटीवर येते," आत्या म्हणाली. "अहवालात लिहायचं. कुणाच्या मोज्यांमुळे चार नमुने गेले ते, सरळ. आडपडदा नको."

दाराशी आतोबा उभे होते. आत्यानं त्यांच्याकडे वळून पाहिलं. "आणि तुम्ही. कुठली दाढ दुखतेय म्हणालात?"

"आता थांबली," ते घाईघाईनं म्हणाले. पण तिनं त्यांना खिडकीपाशी नेलंच.

सोमवारपासून आत्या पूर्वीसारखी बडबडत नव्हती. एकेक कण काढायची, काचेच्या झाकणाखाली ठेवायची, मगच श्वास सोडायची. सात जणांत शेवटी आली ती क्रमांक तेवीस.

ही बाई पन्नाशीच्या पुढची. हाडं वाकलेली, दोन्ही बाजूंच्या सगळ्या दाढा गेलेल्या, आणि उरलेल्या पुढच्या दातांवर कीटणाचे लहानसे, पण जाड थर. पहिल्या खेपेला आत्यानं एकाच दातावरून घेतलं होतं, म्हणून बाकीचं वाचलं. आम्ही तिच्याबद्दल आधीच मत बनवून टाकलं होतं: हाल झालेली, अर्धपोटी, कुणी न विचारलेली म्हातारी. मॅडमनी मसुद्यात "दुर्लक्षित" असा शब्दही वापरला होता.

आत्यानं जबडा उजेडात फिरवला. "हिच्या दाढा मरणाच्या वेळी गेलेल्या नाहीत. बघ, खड्डे भरून हाड कसं गुळगुळीत झालंय. दहा वर्षं तरी ही बिनदाढांची जगलीय." मग ती बराच वेळ त्या कीटणाकडेच बघत राहिली. "हे एकदम नको विरघळवू. हे थरांनी वाढतं. आतला थर जुना, बाहेरचा नवा. मी ते उभं न कापता आडवं सोलून बघू का?"

"नखाएवढं तर आहे ते," मी म्हणाले.

"लहान मोजे आहेत ना आता."

मॅडम येऊन मागं उभ्या राहिल्या. पिठ्याही आला. आत्यानं सगळ्यात बारीक पातं घेतलं, करंगळी टेकवली आणि म्हणाली, "सगळ्यांनी तिकडं बघा. कुणी बघत असलं की माझा हात लाजतो." तर आम्ही तिघं जण भिंतीवरच्या नियमांकडे तोंड करून उभे राहिलो. मी सोळाव्या नियमापर्यंत पोचले तेव्हा मागून टक् असा आवाज आला, मग जरा वेळानं आणखी एक.

"झालं," आत्या म्हणाली. चांदीच्या कागदावर दोन पातळ पापुद्रे शेजारी शेजारी पडले होते.

पिठ्याला दोन दिवस लागले. या वेळी तो खोलीतून बाहेर आला तो शांतपणे, हातात कागद घेऊन. आतल्या, जुन्या थरात तेच होतं जे गावातल्या सगळ्यांच्या दातांत होतं: कोरडे भाजून भरडलेले जव, फुटक्या कडांचे कण, आणि जात्याच्या दगडाची कच. बाहेरच्या थरात कच जवळजवळ नव्हतीच. कण होते जवाचेच, पण पाण्यात खूप वेळ शिजून फुगलेले, कडा विरघळलेले. दूध पुष्कळ. काजळी सगळ्यांपेक्षा जास्त, चुलीजवळ बसून असणाऱ्याची असते तशी. मक्याचा एकही कण नव्हता, हे त्यानं खाली दोनदा अधोरेखित केलं होतं.

"म्हणजे दाढा गेल्या आणि हिचं जेवण बदललं," मी म्हणाले.

"हिच्या एकटीचं बदललं," पिठ्या म्हणाला. "बाकीच्या म्हाताऱ्या माणसांत मला हे कुठं दिसत नाही."

 खणातून तेवीस नंबरचं कार्ड काढून आत्या त्यावर लिहीत होती. हिरड्यांचे जंतूही कळले होते. आत्याच्या दवाखान्यात रोज भेटणारेच ते. "जुनी ओळख आहे यांच्याशी," एवढंच ती म्हणाली आणि तेही कार्डावर नोंदवलं.

अहवाल लिहायला आम्ही चौघं मॅडमच्या खोलीत बसलो. चार नमुन्यांची गोष्ट आत्याच्या इच्छेप्रमाणे सरळ लिहिली गेली. मोजे कुणाचे, मागवायला विसरलं कोण, पिठ्याचा कसा काही दोष नव्हता, सगळं. चौघांपैकी तिघांत दूध सापडलं होतं, एकाचं काहीच कळलं नाही. तो एक क्रमांक नऊ होता, चिडका. "आता तर आणखीच चिडला असेल," आत्या म्हणाली, पण तिचा आवाज जरा बारीक झाला होता.

मग तेवीस नंबर. मॅडमनी "दुर्लक्षित" हा शब्द स्वतःच खोडला आणि नवं वाक्य वाचून दाखवलं: "उत्तरायुष्यातील आहार दीर्घकाळ शिजवलेल्या अन्नाशी सुसंगत आहे."

"म्हणजे काय?" आत्यानं विचारलं.

"म्हणजे नंतर तिचं अन्न मऊ होतं."

"मऊ झालं कसं? आपोआप?"

"ती स्वतः शिजवून घेत असेल, डॉक्टर. आपल्याला माहीत नाही."

"हात बघितलेत तिचे? तुमच्याच नोंदीत आहे, दोन्ही मनगटं आखडलेली. भांडं उचलता येत नव्हतं तिला. घरात बाकी सगळे भरडलेलं खातायत. आणि एकीसाठी रोज वेगळं भांडं चुलीवर चढतंय, तेही दहा वर्षं. त्यात कुणीतरी दूध ओततंय. ते कुणीतरी तुमच्या वाक्यात कुठंच नाही."

"ते कुणीतरी मला सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही."

"मला दिसतंय."

 पिठ्यानं टकलावरून हात फिरवला. मॅडमनी वाक्य पुसलं आणि हळूहळू दुसरं टाइप केलं. मग वाचलं: "दाढा गेल्यानंतर तिच्यासाठी वेगळं, मऊ अन्न शिजवलं जात असावं."

"'असावं' राहणार," त्या म्हणाल्या. "त्याच्यापुढं मी जाणार नाही."

आत्यानं ते स्वतःशी एकदा म्हणून पाहिलं. "राहू दे 'असावं'," ती म्हणाली. "पण 'तिच्यासाठी' काढायचं नाही हं."

"नाही काढणार," मॅडम म्हणाल्या, आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळल्या.